वाचणारे बोट : एका अभियंत्याची गृहस्थसेवा



गृहस्थाश्रम हा इतर सर्व आश्रमांचा आधार होय, असे आपल्या धर्मशास्त्रकारांनी सांगितले आहे. या सांगण्याचा अर्थ आपण बहुधा अन्नदानापुरता घेतो. गृहस्थाच्या घरी चूल पेटते म्हणून ब्रह्मचाऱ्यास भिक्षा मिळते, संन्याशास माधुकरी मिळते आणि दाराशी आलेला अतिथी विन्मुख जात नाही, हे खरेच आहे. परंतु गृहस्थाच्या घरात अन्नाखेरीज आणखी एक वस्तू रात्रंदिवस असते, ती म्हणजे अपत्याची चिंता. ही चिंता उंबरठ्याच्या आत कोंडून राहिली की तिला शास्त्रकार मोह म्हणतात. तीच उंबरठा ओलांडून परक्यांच्या लेकरांपर्यंत पोहोचली, तर तिला काय म्हणावे? या प्रश्नाचा विचार एका चरित्राच्या आधाराने करणे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. हे चरित्र कोणा साधुपुरुषाचे नसून एका विद्युत्-अभियंत्याचे आहे, आणि ते दूर अमेरिकेत घडले आहे. त्यांचे नाव जॉन लिन्व्हिल.

चरित्राकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. आपली विद्या प्राचीन काळी कानाची विद्या होती. वेदास श्रुती हे नाव पडले ते याचमुळे. गुरूने म्हणावे, शिष्याने ऐकावे आणि पुनःपुन्हा आवृत्ती करून कंठगत करावे, हा पाठशाळेचा क्रम आजही चालू आहे. अशा विद्येत डोळे नसलेला विद्यार्थी डोळस विद्यार्थ्याच्या मागे पडत नसे. दोघांपुढेही पुस्तक नव्हते. विदर्भातील प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचे उदाहरण आपणा सर्वांस परिचित आहे. अगदी तान्हेपणी दृष्टी गेलेली असता, अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथांची निर्मिती केली. परंतु त्यांच्यासाठीदेखील काळ पालटला होता. मुद्रणकला आली आणि विद्या कानातून निघून कागदावर गेली. त्यामुळे ग्रंथ वाचून दाखविणारा कोणीतरी जवळ असावा लागे आणि सांगितलेले उतरून घेणाराही असावा लागे. महाराजांभोवती शिष्यांचा मेळा होता. ज्या अंधाभोवती असा मेळा नाही, त्याच्यापुढे छापील कागद म्हणजे भिंतच झाली. मुद्रणाने डोळसांस जेवढे स्वातंत्र्य दिले, तेवढेच अंधांस पराधीन केले. ग्रंथ तर राहोच, स्वतःच्या नावाने आलेले पत्रसुद्धा दुसऱ्याने फोडून वाचल्याशिवाय त्यातील सुखदुःख त्यास कळेनासे झाले.

या भिंतीस पहिले मोठे द्वार पाडले ते फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांनी. ते स्वतः अंध होते. सहा उठावदार ठिपक्यांच्या मांडणीतून अक्षरे दर्शविण्याची त्यांची पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातही १९५१ मध्ये सर्व भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरविण्यात आली, तीमुळे मराठीतील ‘क’ आणि कन्नडातील ‘क’ ठिपक्यांच्या एकाच मांडणीने ओळखता येतो. ब्रेलचे उपकार अमोल आहेत. परंतु तिच्यात एक अडचण राहते. जे पुस्तक कोणीतरी ठिपक्यांत उतरविले असेल तेवढेच अंधास वाचता येते. उतरविणारा हवा, त्यास वेळ हवा, जाड कागद हवा, आणि एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात ते ठेवावयास जागा हवी. सारांश, जगात नित्य छापल्या जाणाऱ्या कागदांच्या समुद्रातून अंधाच्या ओंजळीत काही थेंबच येत.

आता लिन्व्हिल यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १९१९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी या नगरात झाला. विल्यम हे त्यांचे जुळे बंधू होते. दोघेही बंधू पुढे मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यालयात शिकले. जॉन यांनी १९५० मध्ये तेथून डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर ज्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा जन्म झाला, तेथे त्यांनी संशोधन केले, आणि १९५५ मध्ये ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापक म्हणून आले. ट्रान्झिस्टरच्या मंडलांवरील त्यांचा ग्रंथ १९६१ मध्ये सहलेखकासमवेत प्रसिद्ध झाला. १९६४ पासून १९८० पर्यंत त्यांनी तेथील विद्युत्-अभियांत्रिकी विभागाचे प्रमुखपद सांभाळले. विद्वत्ता, अधिकार, शिष्यवर्ग, मान, असे सर्व त्यांच्या पदरी होते.

परंतु याच पदरात दैवाने एक दुःखही घातले होते. त्यांची कन्या कँडेस, जिला घरात कॅन्डी म्हणत, तिला लहानपणीच डोळ्यांच्या पडद्याचा कर्करोग झाला. तीन वर्षांची असतानाच तिची दृष्टी गेली. ज्या घरात विद्येची एवढी उपासना, त्या घरातील कन्येस पुस्तकाचे पान कोरे झाले.

अशा प्रसंगी माणसे दोन टोकांस जातात. कोणी दैवास बोल लावून खचतो, तर कोणी अपत्यावर दयेची एवढी पाखर घालतो की ते अपत्य जन्मभर पंखाखालीच राहते. लिन्व्हिल दांपत्याने या दोन्ही वाटा टाळल्या. कॅन्डीची माता मार्जोरी यांनी ब्रेल लिपी स्वतः शिकून घेतली, ब्रेल टंकयंत्र घरात आणले, आणि कन्येस लागणारी पुस्तके त्या एक-एक पान करून ठिपक्यांत उतरवू लागल्या. हे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना पोथी हाताने उतरविणाऱ्यांसच येईल. मूल एका संध्याकाळी जे वाचून संपविते, ते उतरविण्यास मातेचे कित्येक दिवस जातात, आणि मूल तर वाढतच असते. त्याची वाचनाची भूक मातेच्या बोटांच्या वेगाने वाढत नाही, ती त्याच्या बुद्धीच्या वेगाने वाढते. लिन्व्हिल यांच्या नावाने जे यंत्र पुढे प्रसिद्ध झाले, त्याच्या मुळाशी या मातेचे हे मूक कष्ट आहेत, हे विसरून चालणार नाही. पित्याने आपल्या घरी काय पाहिले? माता थकत आहे, तरी कन्या वाट पाहत आहे.

१९६२ च्या सुमारास लिन्व्हिल काही काळ युरोपात स्वित्झर्लंडमध्ये राहिले होते. त्या वास्तव्यात ते जर्मनीतील आय.बी.एम. या संस्थेची प्रयोगशाळा पाहण्यास गेले. तेथे एक अतिवेगवान छपाईयंत्र होते. त्यात अक्षरांचे खिळे नव्हते. बारीक बारीक टाचण्यांच्या टोकांचा समूह होता, त्यांतील हवी तेवढीच टोके पुढे सरत आणि कागदावर आघात करून अक्षराचा आकार उमटवीत. अनेक अभियंत्यांनी ते यंत्र पाहिले असेल आणि त्याच्या वेगाचे कौतुक केले असेल. लिन्व्हिल यांच्या मनात मात्र निराळाच विचार आला. कागदाच्या जागी बोटाचे टोक ठेवले, तर ते अक्षर बोटास कळणार नाही काय? घरी येऊन त्यांनी पत्नीस सांगितले की, कॅन्डीला सर्वांची छापील पुस्तके वाचता यावीत असे काहीतरी आपणास सुचले आहे.

हा क्षण या चरित्रातील मर्मस्थान आहे. विद्या त्यांच्यापाशी पूर्वीपासून होती. कन्येविषयीचे दुःखही पूर्वीपासून होते. परंतु ही दोन निरनिराळ्या दालनांत राहत होती, विद्या प्रयोगशाळेत आणि दुःख घरात. त्या दिवशी ही दोन्ही एकत्र आली. आपल्यापैकी पुष्कळांच्या आयुष्यात ती कधीच एकत्र येत नाहीत. वैद्य, वकील, कारकून, सुतार, शिक्षक, प्रत्येकापाशी एक विद्या असते आणि प्रत्येकाच्या घरी एक उणीव असते. पण कचेरी सुटली की विद्या खुंटीला टांगून आपण घरी येतो.

सुचणे आणि घडणे यांत मात्र मोठे अंतर असते. लिन्व्हिल यांनी आपल्या विद्यार्थ्यांना या कामात घेतले. जवळच्याच संशोधनसंस्थेत जेम्स ब्लिस नावाचे एक तरुण अभियंते स्पर्शाच्या द्वारे माणसास संदेश कसा पोहोचविता येईल याचा अभ्यास करीत होते, त्यांचे साहाय्य मिळाले. यंत्राचे एकस्व अमेरिकन सरकारने १९६६ मध्ये दिले. अमेरिकेच्या शिक्षणखात्याने या संशोधनास मोठे अर्थसाहाय्य केले. आणि परीक्षक कोण? शाळकरी कॅन्डी. तिने वडिलांच्या प्रयोगशाळेत जावे, चालत्या टोकांवर बोट ठेवावे आणि कोणते अक्षर आले ते सांगावे. जे तिच्या बोटास कळत नसे ते कितीही चतुराईचे असले तरी व्यर्थ ठरे. सेवा करणाऱ्याने ज्याची सेवा करावयाची त्यालाच परीक्षक नेमावे, ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही. आपण बहुधा स्वतःच देतो आणि स्वतःच दिल्याचे समाधान मानतो.

या यंत्राचे नाव ऑप्टॅकॉन. त्याची घडण थोडक्यात अशी. वाचकाच्या उजव्या हातात एक लहानसा कॅमेरा असे. छापील ओळीवरून तो डावीकडून उजवीकडे सरकवावयाचा. कॅमेऱ्यात प्रकाशास संवेदणाऱ्या घटकांची एक चौकट असे, उंचीत २४ आणि रुंदीत ६, म्हणजे एकंदर १४४ घटक. डाव्या हाताची तर्जनी मुख्य यंत्रातील एका खोबणीत ठेवावयाची. तेथे बोटाखाली तितक्याच, म्हणजे १४४, बारीक टाचण्या असत. कॅमेऱ्यातील ज्या घटकापुढे शाई आली, त्याच्या जोडीची टाचणी बोटाखाली वेगाने थरथरू लागे. या टाचण्यांस हलविण्यासाठी विद्युद्दाब दिला असता वाकणाऱ्या विशिष्ट द्रव्याच्या पट्ट्या योजल्या होत्या. अशा रीतीने कागदावरील अक्षर जसेच्या तसे, त्याच आकारात, बोटाच्या पेरावरून वाहत जाई. हे सर्व यंत्र सुमारे दोन किलो वजनाचे होते आणि विजेच्या घटावर चाले, यास्तव ते खांद्यास अडकवून कोठेही नेता येई.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे यंत्र कोणतीच भाषा जाणत नव्हते. ते केवळ आकार पोहोचवी, अर्थ लावणे हे वाचकाच्या बुद्धीचे काम. यामुळे रोमन अक्षर असो, जपानी असो किंवा शिरोरेषेने जोडलेले देवनागरी असो, त्यास सर्व सारखे. गणिताचे चिन्ह आणि संगीताची स्वरलिपीही त्यातून बोटास लागे. यंत्राने वाचकास निर्णय दिला नाही, त्याच्यापुढे मूळ पान ठेवले. भाष्य बाजूस ठेवून मूळ ग्रंथ लावावयास शिकविणाऱ्या गुरूचीच ही रीत आहे.

एवढे घटक एका लहान कॅमेऱ्यात बसविणे त्या काळी सुलभ नव्हते. त्यासाठी सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेक घटक घडविण्याची विद्या हवी होती. ती स्टॅनफर्ड येथे या यंत्राच्या निमित्ताने वाढीस लागली, आणि पुढे एकात्मिक मंडलांच्या संशोधनाचे जे मोठे केंद्र तेथे उभे राहिले, त्याच्या पायाभरणीत लिन्व्हिल यांचा मोठा वाटा होता. एका अंध कन्येसाठी आरंभिलेल्या कामातून विद्यापीठाची विद्याही समृद्ध झाली.

सप्टेंबर १९६९ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथील एका सभेत सुटसुटीत, स्वयंपूर्ण असा ऑप्टॅकॉन प्रथम दाखविण्यात आला. यश तर आले. या ठिकाणी पित्याने थांबणे अगदी स्वाभाविक ठरले असते. कन्येस यंत्र मिळाले, वडिलांस कीर्ती मिळाली. परंतु लिन्व्हिल आणि ब्लिस यांनी प्रथम हे यंत्र घडवून देणारा कोणी कारखानदार मिळतो का याची खटपट केली, आणि अंधांची संख्या अल्प असल्यामुळे कोणी पुढे येईना, तेव्हा १९७० मध्ये टेलिसेन्सरी सिस्टिम्स नावाची कंपनी त्यांनी स्वतःच काढली. १९७१ पासून यंत्रे अंधांच्या हाती जाऊ लागली. पुढील काळात दहा हजारांहून अधिक यंत्रे अमेरिकेत, युरोपात आणि जपानात पोहोचली. ज्या दिवशी पहिले यंत्र कोणा अपरिचिताच्या हाती गेले, त्या दिवशी त्या पित्याच्या मोहाची सेवा झाली.

या यंत्राने अंधाच्या जीवनात नेमके काय घडले? आलेले पत्र त्याला एकांतात वाचता येऊ लागले. विजेचे देयक किती रुपयांचे आहे, हे शेजाऱ्यास विचारावे लागेनासे झाले. टंकलेखन करणाऱ्याला आपण काय लिहिले ते तपासता येऊ लागले. कॅमेऱ्यास निराळे भिंग जोडून संगणकाच्या पडद्यावरील अक्षरेही वाचता येत, त्यामुळे कित्येक अंधांना संगणकाच्या व्यवसायात पोट भरता आले. ही सारी कामे क्षुल्लक आहेत असे डोळसास वाटेल. परंतु आपले खासगी पत्र जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. वाचणारा कितीही प्रेमाचा असला तरी त्याच्या आवाजात आपल्या पत्रातील गुपित उघडे पडतेच.

कॅन्डी पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकली आणि मानसोपचाराच्या क्षेत्रात तज्ज्ञ झाली. जिला इतरांनी वाचून दाखवावे लागले असते, ती इतरांच्या मनातले दुःख वाचणारी झाली.

ही कथा येथे थांबविली तर ती गोड होईल, परंतु पुरी होणार नाही. ऑप्टॅकॉनला मर्यादा होत्या. तो शिकण्यास दीर्घ परिश्रम लागत, आणि सर्वांच्याच बोटांना ती कला साधत नसे. वाचनाची गती बहुतेकांची ब्रेलहून पुष्कळ कमी राही. किंमतही सामान्य माणसास जड होती. १९७६ मध्ये रेमंड कर्झवाइल यांचे, छापील मजकूर ओळखून मोठ्याने उच्चारणारे यंत्र आले. कालांतराने तशी यंत्रे लहान व स्वस्त झाली, आणि अंधांचा ओढा तिकडे वळला. १९९६ मध्ये ऑप्टॅकॉनचे उत्पादन बंद झाले. २००५ मध्ये ती कंपनीही बंद पडली. ज्यांचे बोट या यंत्रास सरावले होते, त्यांनी जुन्या यंत्रांची डागडुजी करीत ती जपली, कारण बोलणारे यंत्र शब्द सांगते, पण पानाची मांडणी आणि अक्षराचा आकार सांगत नाही. लिन्व्हिल यांनी आपल्या हयातीतच आपल्या यंत्राचा उदय, उत्कर्ष आणि अस्त असे तिन्ही पाहिले. २०११ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी ते निवर्तले.

मग त्यांची सेवा व्यर्थ गेली काय? यंत्र हे निमित्त होते. निमित्ताचे काम संपले की ते गळून पडते. जे अनित्य होते ते गेले, परंतु एक विचार मागे राहिला. अंधास वेगळे पान देऊन भागणार नाही, सर्वांचे पान त्याला उघडले पाहिजे, हा तो विचार होय. आज ज्या खिशातील फोनकडून अंध माणूस समोरचा कागद वाचून घेतो, त्याच्या मागे हाच विचार आहे. आणि तो केवळ यंत्रात राहिला नाही, कायद्यातही उतरला. प्रकाशित ग्रंथ अंधांना उपयोगी पडेल अशा रूपात उतरविण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी होऊ नये, यासाठी भारताने २०१२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती केली. त्याच हेतूने २०१३ मध्ये मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता. ज्या भूमीत विद्या कानाने चालत आली, त्या भूमीला हे शोभणारेच होते.

श्रोतेहो, या चरित्रातून घ्यावयाचे काय? आपण काही सर्व अभियंते नव्हे, आणि प्रत्येकाला यंत्र सुचेल असेही नाही. परंतु आपल्यापैकी किती घरांत एखादे अंध, मुके, पांगळे किंवा मंदबुद्धी अपत्य आहे, आणि ते पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवले जाते! कुणी त्याला पूर्वकर्माचे फळ म्हणून मोकळा होतो. फळ त्याचे असेल की नसेल, पण त्याच्यासंबंधीचे कर्तव्य तर निश्चित आपले आहे. मार्जोरीबाईंनी ब्रेल शिकली, तशी आपणही आपल्या अपत्याची भाषा शिकू शकतो. लिन्व्हिल यांनी आपली विद्या कन्येच्या बोटापर्यंत नेली, तशी आपणही आपली विद्या, मग ती सुतारकीची असो वा शिलाईची, घरातील उणिवेपर्यंत नेऊ शकतो. आणि त्यातून काही हाती आले, तर ते शेजारच्या गल्लीतील दुसऱ्या मुलाच्या दारीही पोहोचवू शकतो.

किमान एवढे तरी घडावे. एखाद्या अंध गृहस्थाने आपले पत्र आपल्या हाती दिले, तर ते हळू आवाजात, त्याच्या कानाशी, जसे आहे तसे, आपली टिप्पणी न जोडता वाचावे, वाचून घडी घालून परत द्यावे, आणि त्यातले काही मनातसुद्धा ठेवू नये. ते पत्र त्याचे आहे. त्या वेळेपुरते आपण त्याचे बोट व्हावे, याहून अधिक काही होऊ नये.